चेहऱ्यावरची लाली आणि मेडिकलमधली ट्यूब

सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. ‘डॉक्टर, तोंडाची नुसती आग होते, गाल लाल होतात, बारीक पुटकुळ्या येतात अन् जातात, पण लाली काही हटत नाही.’ यातल्या काहींना घामोळे असते, काहींना साधी मुरमे, काहींना उन्हाची ॲलर्जी. पण थोड्या जणांना एक वेगळाच विकार असतो. त्याला आपल्या भाषेत अजून रुळलेले नाव नाही. वैद्यकात त्याला ‘रोझेशिया’ म्हणतात. आजचा लेख या विकाराविषयी आहे आणि त्याहूनही अधिक, त्यावर परस्पर चोळल्या जाणाऱ्या ट्यूबविषयी आहे. कारण माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या रुग्णांत मूळ विकाराने केलेल्या नुकसानीपेक्षा ट्यूबने केलेले नुकसान मला जास्त दिसते.

रोझेशिया म्हणजे चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटी यांवरील त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या जरा निमित्त मिळाले की फुलतात आणि लवकर मिटत नाहीत. पुढे पुढे त्या फुललेल्याच राहतात, बारीक जाळीसारख्या दिसू लागतात आणि अधूनमधून लाल फोड व पुवाच्या पुटकुळ्या उठतात. कारण एकच एक असे सांगता येत नाही. काही घराण्यांत तो जास्त आढळतो. त्वचेची स्वतःची संरक्षणयंत्रणा गरजेपेक्षा जास्त खवळते. शिवाय ‘डेमोडेक्स’ नावाचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा एक किडा अशा रुग्णांच्या चेहऱ्यावर जास्त संख्येने सापडतो. किडा म्हटल्यावर दचकण्याचे कारण नाही. तो बहुतेक सर्व प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावर मुक्कामाला असतोच. त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही, आणि रोझेशिया एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. सून एका टॉवेलने तोंड पुसते म्हणून सासूने टॉवेल वेगळा काढण्याची गरज नाही.

बहुधा तिशीनंतर हा विकार सुरू होतो. स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. पुरुषांमध्ये तुलनेने कमी, पण नाकाची कातडी जाड व गाठाळ होण्याचा प्रकार मात्र पुरुषांतच अधिक. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिरलांदायो या इटालियन चित्रकाराने १४९० च्या सुमारास काढलेले एका आजोबांचे आणि नातवाचे चित्र आहे. त्यातील आजोबांचे नाक पाहिले की कोणताही डॉक्टर निदान सांगेल.

हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असा समज आमच्या व्यवसायातही बरीच वर्षे होता. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला अंदाज सुमारे साडेपाच टक्के लोकांचा आहे. त्यातल्या बहुतेक पाहण्या गोऱ्या देशांतल्या आहेत हे खरे. पण गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर लाली चटकन नजरेत भरत नाही, म्हणून ती नोंदली जात नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडचा रुग्ण ‘लाल झाले’ असे म्हणतच नाही. तो म्हणतो ‘आग होते’, ‘गाल तापतात’, ‘साबण झोंबतो’. तेव्हा रंगापेक्षा या शब्दांकडे लक्ष द्यावे लागते, आणि तपासणी ट्यूबलाइटखाली न करता खिडकीजवळच्या उजेडात करावी लागते.

मुरमे आणि रोझेशिया यांत गल्लत फार होते. मुरमांमध्ये काळ्या किंवा पांढऱ्या टोकाच्या बारीक खिळ्या असतात. रोझेशियात त्या नसतात. मुरमे छाती-पाठीवरही येतात. हा विकार बहुधा चेहरा सोडत नाही. चाळिशीच्या बाईला ‘आता या वयात पिंपल्स कसे?’ असा प्रश्न पडला तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तपासूनच द्यायला हवे. गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराची लाली, सोबत सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणे, तोंडात फोड असे असेल तर तो ‘ल्युपस’ नावाचा अगदी वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. त्यासाठी रक्ततपासणी लागते; तेथे क्रीमची चर्चा करीत बसू नये. गजकर्णसुद्धा चेहऱ्यावर होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चेहरा तापतो, पाळी जाण्याच्या वयातही तापतो. (गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी विचारा.)

आणखी एक गैरसमज माणसाला फार जाचतो. नाक लाल म्हणजे ‘घेणारा’ माणूस, हे समीकरण. आपला जिल्हा पंढरपूरचा. माझ्याकडे येणारे एक माळकरी गृहस्थ, उभ्या जन्मात ज्यांनी दारूला शिवले नाही, नाकाच्या लालीपायी मुलीच्या सोयरिकीला समोरच्या पाहुण्यांच्या नजरेला नजर देईनात. ‘पाहुण्यांनी विचारलंच तर काय सांगू ओ डॉक्टर?’ हा त्यांचा प्रश्न होता. औषधाचा प्रश्न त्यांनी नंतर विचारला. दारूने रोझेशिया असलेल्या काहींचा चेहरा अधिक लाल होतो, एवढे खरे. पण कधीही न पिणाऱ्या असंख्य लोकांना हा विकार होतो. नाकावरून माणसाची परीक्षा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले तर बरे.

आता आपल्या गावाकडे पाहू. रोझेशियाला चेतवणाऱ्या गोष्टींत ऊन, उष्णता, गरम पेये, तिखट, वारा, मानसिक ताण आणि जोराचे श्रम ही नावे सगळीकडे येतात. यातले काय सोलापुरात कमी आहे? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतोच. आपल्याकडे ऐन थंडीतही सुटका नसते, कारण तेव्हा हुरड्याची आगटी पेटते आणि मंडळी तिच्याभोवती तोंड पुढे करून बसतात. टॉवेल-चादरीच्या धंद्यात रंगाईच्या ठिकाणी वाफेत काम करणारे कामगार आहेत. आणि ज्यांच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही त्या कडक भाकरी करून विकणाऱ्या बाया. पहाटेपासून दुपारपर्यंत चूल आणि तवा त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. अशा बाईला ‘उष्णतेपासून दूर राहा’ असे कागदावर लिहून देणे म्हणजे तिची थट्टा करणे आहे. तिला सांगायचे ते वेगळे. चूल खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला घ्यावी, धूर व झळ बाहेर जाण्याची सोय करावी. दोघी असतील तर एकीने थापावे, दुसरीने भाजावे आणि तासाभराने जागा बदलावी. मानेवर ओला पंचा ठेवावा, गार पाण्याचा घोट मधूनमधून घ्यावा. एवढ्याने आग निम्म्यावर आल्याचे मला बायांनीच सांगितले आहे.

चहाबद्दल लोकांना उगाच धाक घातला जातो. १९८१ मध्ये अमेरिकेत रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, तीच गार कॉफी, नुसते गरम पाणी आणि निव्वळ कॅफिन असे निरनिराळे देऊन पाहिले गेले. गरम कॉफीने चेहरा लाल झाला, नुसत्या गरम पाण्यानेही झाला. गार कॉफीने आणि कॅफिनने झाला नाही. म्हणजे दोष उकळत्या घोटाचा आहे. चहा सोडू नका, पाच मिनिटे निवू द्या. बशीत ओतून पिण्याची आपली जुनी रीत या बाबतीत शास्त्राला धरून आहे!

तिखटाचे तसे नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या ज्या भागाला उष्णता कळते त्यालाच चेतवते, म्हणून तिखट खाल्ल्यावर काहीही गरम नसताना तोंड तापते. पण सर्वांचाच रोझेशिया तिखटाने वाढत नाही. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी जन्मभर बंद, असे सांगणारा डॉक्टर दुसऱ्या खेपेला रुग्णाला दिसत नाही. मी दोन आठवडे बंद करायला सांगतो. एका वहीत रोज दोन ओळी लिहायच्या: आज काय खाल्ले, उन्हात किती वेळ होतो, चेहरा कसा होता. दोन आठवड्यांनी चटणी पुन्हा सुरू करायची. फरक पडला तर प्रमाण ठरवायचे, नाही पडला तर निर्धास्तपणे खायची.

येथवरचा मामला तसा सोपा आहे. अवघड मामला सुरू होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. गाल लाल झाला, शेजारणीने नाव सांगितले, दुकानदाराने ट्यूब पुढे सरकवली. लावल्यावर चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ, लाली नाहीशी. ‘गुण आला!’ ही ट्यूब बहुतेक वेळा स्टिरॉइडची असते; एकट्याची, नाहीतर प्रतिजैविक आणि बुरशीचे औषध यांच्याशी मिसळलेली, नाहीतर काळे डाग घालवण्याच्या औषधांबरोबरची.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे सिद्ध झाले आणि इसबाच्या रुग्णांचे आयुष्य पालटले. योग्य रोगाला, योग्य ताकदीचे, मोजके दिवस, एवढे पथ्य पाळले तर त्याच्यासारखे औषध नाही. पण चेहऱ्याची कातडी पातळ. तेथे तीव्र स्टिरॉइड आठवडेन् आठवडे लावले की रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात म्हणून माणूस गोरा दिसतो, आणि खाली कातडी विरत जाते. मग मुरमे उठतात, गालावर लव वाढते, शिरांची जाळी दिसू लागते. ट्यूब थांबवली की काही दिवसांत चेहरा पूर्वीपेक्षा लाल होऊन पेटतो. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो, आणि पुन्हा गुण येतो. हे व्यसनच आहे. ज्याला मुळात रोझेशिया होता त्याचा तो बळावतो. ज्याला नव्हता त्याला हुबेहूब रोझेशियासारखा चेहरा मिळतो. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ म्हणजे स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नाव सुचवले.

हे प्रमाण किती असावे? देशातील १२ केंद्रांच्या त्वचारोग विभागांतील पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावीत होते. त्यांतील १२६ जणांनी ते गोरे होण्यासाठी, रोजचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावण्यासाठी वापरले होते. २५७ जणांना ते डॉक्टरने दिलेलेच नव्हते. दुष्परिणाम ३९२ जणांत दिसले. आणि दुकानदारांकडे बोट दाखवण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांनी पुढचा आकडा वाचावा. ज्या १७६ जणांना डॉक्टरांनी लिहून दिले होते, त्यांतील ७८ जणांचे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ नव्हते. शिवाय डॉक्टरांच्या १७६ चिठ्ठ्यांपैकी १४६ चिठ्ठ्यांवर रुग्णांनी परस्पर पुन्हा पुन्हा औषध घेतले होते. चिठ्ठीवर ‘इतकेच दिवस’ हे शब्द ठळक लिहायला आम्हाला काय कष्ट पडतात?

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम चांगला आहे. त्याची अंमलबजावणी कशी चालते हे वाचकांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. माझे स्पष्ट मत असे की, कायद्याचा हात दुकानापर्यंत पोचेपर्यंत ग्राहकानेच ट्यूब उलटी करून वाचावी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टिरॉइड. अक्षर इंग्रजी आणि बारीक असते. घरात आठवी-नववीचे पोर असेल त्याच्याकडून वाचून घ्यावे. लेबल नसलेली, डबीत भरून दिलेली ‘घरगुती’ क्रीम तर चेहऱ्याला लावूच नये. तिच्यात काय आहे ते विकणारालाही सांगता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी गोरेपणाचा हव्यास आहे हे लपवण्यात अर्थ नाही. लग्न ठरले की मुलीच्या हाती ट्यूब येते, आणि ती देणारी बहुधा घरातलीच एखादी मावशी-आत्या असते. हळदीला चेहरा उजळ दिसतो. नंतर सासरी ट्यूब संपते, नवी मागायची लाज वाटते, आणि लग्नाच्या पहिल्या महिन्यातच चेहरा पेटतो. मग ‘पोरीला आधीपासूनच काहीतरी होतं, आम्हाला सांगितलं नाही’ अशी कुजबुज सुरू होते. अशा दोन मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या माहेरच्यांनी काही लपवले नव्हते. मुलीचा मूळचा चेहरा चांगला होता, एवढेच त्यांनी ओळखले नव्हते.

ज्यांचे महिनोन्महिने चालू आहे त्यांनी हा लेख वाचून आजच ट्यूब कचऱ्यात टाकू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. किती दिवस, किती ताकदीचे लावले यावर ते एकदम बंद करायचे की सौम्य करीत आणायचे हे ठरते. मधल्या काळात गार पाण्याच्या घड्या, साधे मलम आणि गरजेप्रमाणे गोळ्या देता येतात. पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात हे मी रुग्णाला आधीच सांगतो, आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून सांगतो, म्हणजे ‘औषधाने वाढले’ असा बोभाटा होत नाही. पुरता निवळायला काही महिने लागतात.

रोझेशियाच्या रोजच्या काळजीत करण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टी जास्त आहेत. बेसन-हळदीचे उटणे घासणे, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, पार्लरमधील ब्लीच आणि वाफेचे फेशियल यांतले काहीही करू नये. चेहरा सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्याने व सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावा. आपले सोलापुरी टॉवेल जगभर जातात, पण खरखरीत टॉवेलने गाल घासायचे नाहीत. त्यावर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर. उन्हात जाताना झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन. त्याचा थोडा पांढरटपणा राहतो, तो सोसावा. ते परवडत नसेल तर छत्री आहे, रुंद काठाची टोपी आहे. दुचाकीवर बायका ओढणी गच्च गुंडाळतात ते ठीक. मात्र ती सुती, फिक्या रंगाची असावी आणि पोचल्याबरोबर सोडावी. आत कोंडलेल्या घामाने आग वाढतेच.

औषधांत मेट्रोनिडाझोल जेल, ॲझेलाइक ॲसिड आणि २०१४ नंतर प्रचारात आलेले आयव्हरमेक्टिन क्रीम ही लावण्याची औषधे आहेत. फोड जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. गर्भवतींना आणि लहान मुलांना त्या देत नाहीत. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. येथे ट्यूबचे चार दिवस आठवून पुष्कळजण धीर सोडतात. औषधांनी फोड जातात, फुललेल्या शिरा सहसा जात नाहीत. त्यांना लेसर लागतो. तो खर्चीक असतो, अनेक बैठका लागतात आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागू शकतो. आपल्या गव्हाळ कातडीवर लेसरचा डाग पडण्याची भीती जास्त, म्हणून तो अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावा, पार्लरमध्ये नव्हे. विकार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. ‘कायमचा बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

डोळ्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. रोझेशियाच्या बऱ्याच रुग्णांचे डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाळू गेल्यासारखे टोचतात, रांजणवाड्या वारंवार होतात. उजेड सहन होईनासा झाला किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे; बुबुळाला इजा होऊ शकते.

खासगी तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी आहे. जाताना चेहऱ्याला पावडर, क्रीम काही लावू नये. आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.